फडाचं पाणी

वडलांच्या हातात गावाचं पाणी होतं,
म्हणजे एक फावडं,
आणि आखाजीला पारावर झालेला ठराव:
वरचा फड उसाला, दुसरा-तिसरा गव्हाला,
चौथा पडीक, त्याला विसावा.
कागद नव्हता. सुपारी फोडली की झालं.

पांझरेच्या बंधाऱ्यापासून पाट निघायचा
तो सतरा घरांच्या बांधांवरून, भांडणांवरून,
सोयरिकींवरून वळत वळत यायचा.
ज्याचं शेत त्यानं पाण्याला हात लावायचा नाही.
पाटकरी देईल तेव्हा, देईल तेवढं.
आणि उखा पाटकरी, माझा बाप, म्हणायचा,
"मी पानी देस, घेस नही."

गव्हाच्या फडात आमचा तुकडा शेपटाला होता.

त्या वर्षी बंधाऱ्याच्या भिंतीवर
पाण्याची जुनी रेघ वरच राहिली
आणि पाणी तिच्याखाली हातभर बसलं.
आई रोज सांजेला एक ओंबी चोळून दाणे बघायची,
मग भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.
वडील मुकाट जेवायचे.
आमच्या पाळीला अकरा दिवस होते.
अकरा दिवस गव्हाला मोजता येत नाहीत.

एका रात्री तिनं मला उठवलं.
कंदील माझ्याकडे, वात बारीक.
तिनं खुरप्यानं पाटाची कड फोडली.
पाणी आधी थबकलं, परक्या दारात आल्यासारखं,
मग भेगेत शिरलं, आणि भेग चुरचुरली.
तो आवाज मला अजून येतो,
नळाखाली नुसतं भांडं धरलं तरी.

सकाळी वेडू भिलानं पारावर सांगितलं.
वेडू जागल्या. रात्रभर डुकरं हाकलायची, चोर धरायचा,
बदल्यात खळ्यावर सुपानं धान्य.
म्हणाला, चिखलात बाईमाणसाचा पाय आहे,
जोडव्याची खूण आहे.
आणि वडलांकडे न बघता गप्प बसला.
वडीलच उठले.
"पाय मना घरना शे."

दंड: मारुतीला पाच शेर तेल,
आणि पाटाचा चाळीस हात गाळ, एकटीनं.

आईनं पदर खोचला.
दुपारपर्यंत ती खरंच एकटी होती.
मग ठगूबाई आली टोपली घेऊन, म्हणाली,
तुझ्यासाठी नाही आले, टोपली रिकामी होती.
मग आणखी दोघी.
चौथी आली ती काठावर नुसती बसली,
आईला नावं ठेवत राहिली
आणि मधूनमधून तांब्या पुढे करत राहिली.

गहू अर्धा वाळला. उरलेला आम्ही खाल्ला.

माझं लग्न ठरलं तेव्हा वेडू आला,
ओसरीच्या खाली, नेहमीच्या जागी,
हातात मोहाच्या फुलांची पुरचुंडी.
इकडेतिकडे बघून म्हणाला,
"दोन पाय व्हतात, बेटी.
धाकला मी पुसी टाका."

आता ज्याची त्याची बोअर आहे.
मोटर नाशकात बसून मोबाइलवर चालू होते.
पाटात बाभळी माजल्यात.
कुणी कुणाचं पाणी चोरत नाही,
कुणी कुणाचा गाळ काढत नाही.
माहेरची म्हातारी माणसं म्हणतात,
तेव्हा पाणी सगळ्यांचं होतं.
मी मान डोलावते. खोटं नाही ते.
पण मग मनात मोजायला लागते:
चार फड, सतरा घरं,
आणि रात्रभर जागणाऱ्याच्या नावावर
वाफा एकही नाही.
भिलाटीतल्या बाया नदीत झिरा खोदून
वाटीवाटीनं घागर भरायच्या,
आमच्या पाटाचा आवाज ऐकत.

परवा गेले तेव्हा कोरड्या पाटात उतरले.
चप्पल काढली.
धुळीत पाय उमटला, मोठा, भेगाळलेला,
जोडव्याच्या खुणेसकट.
तो तसाच ठेवून आले.